बटण दाबण्याआधी

स्वयंपाकघरात इंडक्शन आणि बेडरूममध्ये इन्व्हर्टर एसी, एवढ्यासाठी दोन नव्या लाइनी ओढायच्या होत्या. पुण्यातली आमची इमारत पंचवीसेक वर्षांची. डीबीचं झाकण काढल्यावर वायरमनकाकांनी पिवळट पडलेल्या रुंद स्विचवर टिचकी मारली. "ईएलसीबी तर चांगलाय की. हाच ठेवू, नव्याचे पैसे वाचतील."

बाजारात सगळेच ईएलसीबी म्हणतात, पण त्या नावाची मूळ वस्तू वेगळी होती. ती अर्थच्या वायरीत बसायची आणि उपकरणाच्या पत्र्यावर पन्नासेक व्होल्ट चढले की पडायची. आमचा होता आरसीसीबी, 40 अँपिअर, 30 मिलिअँपिअर. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत येतो का, एवढाच हिशोब तो ठेवतो. हिशोब चुकला म्हणजे करंटाने दुसरी वाट धरली, कदाचित कुणाच्या अंगातून. ओव्हरलोडशी त्याला देणंघेणं नाही, ते एमसीबीचं काम.

काका टेस्टचं बटण दाबणार तेवढ्यात इलेक्ट्रिकल इंजिनिअर असलेला माझा भाचा म्हणाला, "काका, थांबा. आधी मीटर लावू."

सॉकेटमध्ये टेस्टरची पिन गेली. 15 मिलिअँपिअरला स्विच हलला नाही, हलायचाही नसतो. 30 ला 300 मिलिसेकंदांच्या आत पडायला हवा होता. पडलाच नाही. काकांनी न राहवून बटण दाबलं. खट्. स्विच वर करून पुन्हा 30 सोडले, तर लगेच पडला. "बघा!" काकांचा चेहरा खुलला.

भाच्याचा नाही. आतल्या रिलेची पट्टी लोहचुंबकाने धरून ठेवलेली असते. दोन्ही गुळगुळीत पृष्ठभाग वर्षानुवर्षं एकमेकांना टेकून राहिले की चिकटतात, आणि एक हिसका बसला की सुटतात. "शॉक लागायच्या आधी कुणी बटण दाबून ठेवणारे का?" तो म्हणाला. बटण अधूनमधून दाबत जा, असं त्या स्विचवरच छापलेलं होतं. मी एवढ्या वर्षांत ते कधी दाबलं होतं, आठवेना. त्यामुळे मी गप्पच बसलो.

शिवाय त्यावरच्या चौकोनात एकच लाट काढलेली होती, म्हणजे एसी टाइप. त्याला साध्या लाटेची गळती कळते. इन्व्हर्टर एसीत आधी रेक्टिफायर असतो. त्याच्या पलीकडे गळती झाली तर ती अर्ध्या लाटांच्या ठोक्यांनी होऊ शकते. फेज आणि न्यूट्रल ज्या कड्यातून जातात, त्याचं चुंबकत्व मग एकाच बाजूला अडकतं आणि रिलेला पुरेसा इशारा जात नाही. ए टाइपच्या चौकोनात लाटेखाली अर्ध्या लाटांचे उंचवटेही काढलेले असतात. तो आणायचं ठरलं.

नवा बसला, इंडक्शन लावलं आणि खट्. काका वैतागले. "नवापण डिफेक्टिव्ह!" डिफेक्टिव्ह काही नव्हतं. इंडक्शनची फेज आरसीसीबीतून घेतली होती, पण न्यूट्रल चुकून अलीकडच्या लिंकला, म्हणजे मीटरकडून येणाऱ्या वायरीशी जोडला होता. गेलेला करंट परस्पर बाहेरूनच घरी जात होता. आरसीसीबीच्या हिशोबात तो गळालाच. जुन्या घरांत लाइनी वाढवताना हा घोळ होतो, आणि मग 'सारखा पडतो' म्हणून आरसीसीबीच बायपास केला जातो. त्याच्यावर इतका अन्याय दुसरा नाही. काकांनी वायर पलीकडच्या लिंकला नेली. इंडक्शनवर दूध तापलं.

निघताना जुना स्विच त्यांच्या पिशवीत चालला होता. "कुणाच्या तरी गीझरला होईल." मी तो मागून घेतला, काकांना ते फारसं आवडलं नाही.

रात्री स्क्रू-ड्रायव्हरने त्याचं कवच उचकटलं. एक कडं, त्यातून आरपार गेलेल्या दोन जाड तारा, कड्यावर केसासारख्या तारेचे वेढे. त्या तारेची दोन टोकं अंगठ्याच्या पेराएवढ्या एका डबीत गेली होती. तोच रिले. चिकटलेले पृष्ठभाग बघायचे होते, पण डबी सीलबंद निघाली.