जुन्नरचा डोंगर आणि चुकलेले अंतर

फलटणहून दक्षिणेकडे पाहणाऱ्यास शंभूमहादेवाच्या रांगा आषाढातही पुष्कळदा स्वच्छ दिसतात, कारण पर्जन्यछायेच्या या मुलखात मेघ येतात आणि बहुधा न बरसताच पूर्वेकडे सरकतात. परंतु त्याच दिवसांत सह्याद्रीच्या माथ्यावर, नाणेघाट-माळशेजच्या टापूत, ढग कड्यांवर असे टेकलेले असतात की वाटसरूला पुढचे वळण दिसू नये. १९६२ च्या आषाढात, वारी पंढरीच्या वाटेवर असताना, या दुसऱ्या प्रदेशात जो भीषण विमान-अपघात घडला, त्याची आठवण आज जुन्नर परिसराबाहेर फारशी उरलेली नाही.

सिडनीहून डार्विन, सिंगापूर, बँकॉक असे मुक्काम करीत रोमकडे निघालेले अलिटालिया कंपनीचे ७७१ क्रमांकाचे उड्डाण मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळाकडे उतरत होते. ६ जुलैची मध्यरात्र उलटून दहाएक मिनिटे झाली होती. शुक्लपक्षातील चंद्रकोर मावळलेली आणि भोवती ढग. अशा वेळी ते चार इंजिनांचे डीसी-८ जातीचे जेट जुन्नरजवळच्या एका डोंगरावर, सुमारे ३,६०० फूट उंचीवर, माथ्यापासून थोड्याच फुटांखाली आदळले. ८५ प्रवासी आणि ९ कर्मचारी, अशा ९४ जणांपैकी एकही वाचला नाही. धावपट्टी तेथून सुमारे ८४ किलोमीटर दूर होती.

या शेवटच्या आकड्यातच अपघाताचे सारे मर्म आहे. जेट विमान उतरविताना वैमानिक एक ढोबळ हिशेब मनाशी धरतात: प्रत्येक हजार फूट खाली येण्यास सुमारे तीन सागरी मैल लागतात. ८४ किलोमीटर म्हणजे सुमारे ४५ सागरी मैल. तेव्हा त्या ठिकाणी विमान पंधरा हजार फुटांच्या आसपास असते तर नवल नव्हते. ३,६०० फुटांची उंची शोभते ती धावपट्टी दहा-बारा मैलांवर आली असताना. मिनिटाला चार-पाच मैल कापणाऱ्या यंत्रात बसलेल्यांनी आपण मुंबईच्या उंबरठ्यावर आलो असे मानले होते, आणि प्रत्यक्षात घाट ओलांडावयाचा राहिला होता.

उंचीमापकाने यात कसूर केली असे मानण्याचे कारण नाही. उतरताना ते यंत्र समुद्रसपाटीपासूनची उंची सांगते. खाली कोकणची सखल भूमी आहे की शिवनेरीसारखा साडेतीन हजार फुटांचा दुर्ग, याची त्यास वार्ता नसते. एकच आकडा ठाण्याच्या खाडीवर निर्धास्त करणारा आणि जुन्नरच्या पठारावर प्राणघातक ठरतो.

चौकशीचा निष्कर्षही याच दिशेचा निघाला. मार्गनिर्देशनातील चुकीमुळे वैमानिकाने गंतव्य जवळ आल्याचा समज करून घेतला आणि अकाली अवरोहण केले; उपलब्ध साधनांचा पुरता उपयोग केला नाही, विहित किमान सुरक्षित उंचीचे उल्लंघन केले, आणि मार्गावरील भूप्रदेशाचा परिचयही त्यास नव्हता. विमानास ४,००० फुटांपर्यंत उतरण्याची परवानगी मिळाली होती हे खरे. परंतु अशी परवानगी इतर विमानांपासून अंतर राखण्याची तजवीज असते, डोंगराविषयीचा जामीन नव्हे. हाच घोटाळा बारा वर्षांनी, १ डिसेंबर १९७४ रोजी, अमेरिकेत व्हर्जिनियाच्या डोंगरात पुन्हा झाला. उतरण्याच्या परवानगीचा अर्थ वैमानिक आणि नियंत्रक यांनी निरनिराळा धरला आणि टीडब्ल्यूए कंपनीच्या विमानातील ९२ जण प्राणास मुकले. त्यानंतर भूसान्निध्याचा इशारा देणारे यंत्र तेथील मोठ्या विमानांत सक्तीचे झाले. तरीही ते पहिले यंत्र केवळ पायाखालची जमीन पाही. समोरचा कडा ओळखणारे, भूप्रदेशाचा नकाशा पोटात बाळगणारे यंत्र येण्यास १९९० चे दशक उजाडावे लागले.

मुंबईच्या वाटेवर असे प्रसंग आधी आणि नंतरही घडले. १२ जुलै १९४९ रोजी केएलएमचे विमान घाटकोपरच्या टेकडीवर आदळून ४५ जण दगावले, त्यांत इंडोनेशियाहून परतणारे अमेरिकी वार्ताहर होते. ४ ऑगस्ट १९७९ रोजी पुण्याहून निघालेले इंडियन एअरलाइन्सचे विमान पनवेलजवळच्या डोंगरात कोसळले, तेव्हाही बळी ४५ च. तिन्ही तारखा जुलै-ऑगस्टच्या आहेत, म्हणून दोष पावसाच्या माथी मारण्याचा मोह होतो. परंतु पाऊस दरसाल येतो, आणि शेकडो विमाने त्याच पावसातून सुखरूप उतरतात. ढग डोंगर झाकतात, त्याची जागा हलवीत नाहीत. ती नकाशावर आधीच नोंदलेली असते. म्हणून जोवर आपले स्थान दोन स्वतंत्र साधनांनी पडताळून पाहिलेले नाही, तोवर किमान उंचीची मर्यादा सोडावयाची नाही, आणि संशय येताच पुन्हा वर चढावयाचे, हा नियम पाळण्यास १९६२ सालीही कोणत्या नव्या यंत्राची गरज नव्हती. वर चढून घिरटी घालण्यास काही मिनिटांचा उशीर आणि थोडे इंधन, एवढाच खर्च आला असता.