मोटारीचा रंग आणि समुद्राची हवा

मोटारीला रंग देतात तो शोभेसाठीं, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः रंग हें पोलादाचें चिलखत आहे. मुंबई, अलिबाग, रत्नागिरी, पणजी अशा समुद्रकांठच्या गांवीं या चिलखताला बारीकसें भोंक पडलें, तरी आंतल्या पत्र्यावर संकट येतें. आणि तें पावसाळ्याच्या तोंडावर पडलेलें असेल तर दसऱ्यापर्यंत तेथें गंजाचा डाग दिसूं लागतो.

हें चिलखत किती पातळ असतें याची पुष्कळांना कल्पना नसते. पत्र्यावर प्रथम रासायनिक लेप, त्यावर विजेच्या साह्यानें बसविलेला गंजरोधक थर, मग अस्तर, मग खरा रंग आणि सर्वांत वर लकाकी देणारा पारदर्शक थर, अशी आजच्या गाडीची रचना असते. हे सारे थर मिळूनहि जाडी एक दशांश मिलिमीटरच्या आसपासच भरते. पूर्वीं मोटारींना व्हार्निशाचे हात देत व ते वाळण्यास आठवडे लागत. १९२३ च्या सुमारास अमेरिकेंत ड्यूको नांवाचें लवकर वाळणारें रोगण निघालें, आणि तें नांव आपल्याकडील कारागिरांच्या तोंडीं असें बसलें कीं, लांकडी कपाटाला फवाऱ्यानें रंग देण्यासही ते ड्यूको करणेंच म्हणतात.

लोखंड गंजण्यास पाणी आणि प्राणवायु दोन्ही लागतात. पाण्यांत मीठ मिसळलें म्हणजे तें विजेचें चांगलें वाहक बनतें व गंजण्याची क्रिया झपाट्यानें चालते. शिवाय गंजाला मूळ लोखंडापेक्षां अधिक जागा लागते, त्यामुळें तो शेजारचा रंग आंतून उचलीत जातो. वर तांदळाएवढा दिसणारा फुगा म्हणूनच खालीं रुपयाएवढा पसरलेला असूं शकतो.

गंमत अशी कीं, या थरांची झीज पुष्कळदां गाडीच्या सेवेंतूनच होते. शहरांतील इमारतींच्या आवारांत पहांटे एक माणूस एक बादली व एकच फडकें घेऊन दहा-पंधरा गाड्या पुसून जातो. त्याच्या कष्टाळूपणाबद्दल शंका नाहीं. पण चौथ्या गाडीपाशीं पोंचेपर्यंत त्या फडक्यांत इतकी बारीक वाळू भरते कीं, तें काचकागदाचें काम करूं लागतें. उन्हांत तिरपें पाहिलें असतां रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा दिसतात, त्या बहुधा याच. धुळकट गाडीवर घातलेलें आच्छादनहि वाऱ्यानें हलून तेंच करतें. आधीं भरपूर पाणी ओतून धूळ वाहूं द्यावी. मग गाडी सावलींत ठेवून, मऊ फडक्यानें व गाडीसाठीं केलेल्या सौम्य साबणानें वरून खालीं धुवावी. फडकें खळबळण्यास दुसरी बादली निराळी असावी. पक्ष्यांची विष्ठा उन्हांत वाळूं न देतां ओल्या फडक्यानें भिजवून उचलावी. खरवडल्यास डाग जातो आणि लकाकीहि जाते.

ओरखडा पडलाच, तर त्याची खोली नखानें ओळखतां येते. नख अडकत नसेल व पाणी लावतांच ओरखडा दिसेनासा होत असेल, तर तो वरच्या थरांतला आहे. साध्या पॉलिशनें भागतें. पण नख अडकलें आणि तळाशीं चकाकता पत्रा दिसला, तर चालढकल करूं नये. प्लास्टिकच्या बंपरला मात्र गंजाचें भय नाहीं. तेथील ओरखडा केवळ डोळ्यांना खुपणारा.

पत्र्याच्या ओरखड्यावरील उपाय घरीं होण्यासारखा आहे. गाडीच्या रंगाचा क्रमांक बहुधा दाराच्या चौकटीवर किंवा बॉनेटखालीं एका पट्टीवर असतो. त्याच क्रमांकाच्या रंगाची लहान बाटली घ्यावी. जागा धुवून पूर्ण वाळवावी. गंज धरला असेल तर बारीक काचकागदानें तेवढीच जागा पांढरा पत्रा लागेपर्यंत घासावी, स्पिरिटनें पुसावी व अस्तराचा पातळ हात द्यावा. तें वाळल्यावर बारीक कुंचल्यानें, किंवा दांत कोरण्याच्या काडीनेंहि, रंगाचे दोन-तीन पातळ हात द्यावे आणि शेवटीं पारदर्शक रोगण लावावें. प्रत्येक हात वाळूं देण्याचा धीर बहुतेकांना नसतो, आणि एकच जाड थेंब ठेवून ते मोकळे होतात; तो थेंब मग कायमचा उंचवटा होऊन राहतो. हें काम कोरड्या दिवसांत उरकावें. आषाढांतल्या दमट हवेंत वाफ पत्र्यावर बसते व रंगाखालीं कोंडली जाते. दाराखालच्या उंबऱ्याला किंवा तळाला गंजानें भोंकें पडलीं असतील, तर मात्र घरचा कुंचला बाजूला ठेवून कारखान्याची वाट धरावी; तेथें गाडीच्या बळकटीचा प्रश्न असतो.

एक जागा बहुतेकांच्या नजरेआड राहते. पावसाचें पाणी खिडकीच्या कांचेवरून दाराच्या पोकळींत उतरतें, आणि तें निघून जावें म्हणून दाराच्या खालच्या कडेस बारीक छिद्रें ठेवलेलीं असतात. चिखलानें व पाल्यानें तीं बुजलीं कीं पाणी आंत सांचतें, आणि बाहेरून निर्दोष दिसणारें दार आंतून सडत जातें. मृगापूर्वीं दार उघडून खालीं वाकून पाहावें व बारीक लांकडी काडीनें हीं छिद्रें मोकळीं करावीं. कित्येक दारांतून काडी फिरवितांच पेलाभर गढूळ पाणी बाहेर येतें.