घोड्याच्या पोटात डोकावताना

येवल्याच्या बाजारातून सिन्नरला आणलेली लग्नाची घोडी असो वा शर्यतीचा घोडा, त्याच्या जिवावर सर्वाधिक उठतो तो पोटशूळ. घोड्याला ओकारी येत नाही, त्यामुळे तुंबलेले पोट मोकळे व्हायला वरून वाट नसते.

इथे सोनोग्राफी मोलाची ठरते. केस कापून किंवा स्पिरिटने भिजवून, २ ते ५ मेगाहर्ट्झचा प्रोब बरगड्यांमधून आणि पोटाखालून फिरवला जातो. २०११ मध्ये बेल्जियममधील पशुवैद्यांनी सात ठिकाणी पाहण्याची झटपट पद्धत मांडली. निरोगी लहान आतड्याची भिंत साधारण ३ मिलिमीटरपर्यंत असते आणि आतडे हलताना दिसते. फुगलेली, निश्चल वेटोळी दिसली तर अडथळ्याची दाट शंका घ्यावी. मोठ्या आतड्याची भिंत ९ मिलिमीटर किंवा अधिक जाड झाली, तर पीळ पडल्याचा संशय बळावतो आणि शस्त्रक्रियेचा निर्णय लांबवून चालत नाही. डावे मूत्रपिंड दिसेनासे झाले, तर आतडे प्लीहेवरून चढून अडकले असू शकते.

मर्यादा मोठी आहे: वायूपलीकडे ध्वनिलहरी पोचत नाहीत. म्हणून नाडी, हिरड्यांचा रंग आणि गुदमार्गे तपासणी यांना पर्याय नाही.

घोडा जमीन उकरू लागला, कुशीकडे वळून पाहू लागला, लोळू लागला, तर नळीने तेल पाजू नका. ते फुफ्फुसात जाऊ शकते. चारा काढून घ्या आणि तातडीने पशुवैद्यक बोलवा. शासकीय मदतीसाठी क्रमांक १९६२.