लाकूड वाजतं की तार? इलेक्ट्रिक गिटार घेण्याआधी

आजचा भाग खास त्यांच्यासाठी, जे पहिली किंवा दुसरी इलेक्ट्रिक गिटार घ्यायला निघाले आहेत. दुकानात गेलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं: "ही महोगनीची, हिचा आवाज उबदार. ती अ‍ॅशची, तिचा आवाज खणखणीत." आणि लाकडाच्या नावावर किंमतही चढते. तर प्रश्न असा, की हे पैसे आवाजासाठी मोजायचे का?

आधी तंबोऱ्याकडे बघा. मिरजेतला कारागीर भोपळा आणि तबली निवडताना एवढा जीव का टाकतो? कारण नुसत्या तारेचा आवाज अगदी क्षीण असतो. तार तबलीला हलवते, तबली हवेला हलवते, आणि तो आवाज आपल्यापर्यंत पोचतो. अकूस्टिक गिटारचंही तेच. तिथे लाकूड म्हणजे अर्धं वाद्य.

इलेक्ट्रिक गिटारमध्ये मधे पिकअप येतो. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याच्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि वेढ्यांमध्ये विजेचा सूक्ष्म सिग्नल तयार होतो. म्हणजे पिकअप हा काही मायक्रोफोन नव्हे. त्याला मुख्यतः कळते ती तारेची हालचाल.

मग लाकडाचा संबंधच नाही? आहे, पण आडवाटेने. तारेची थोडी ऊर्जा ब्रिज आणि नेकमधून लाकडात जाते. एखाद्या स्वराची कंपनसंख्या नेकच्या स्वतःच्या कंपनाशी जुळली, तर तो स्वर लवकर विझतो. याला गिटारवाले 'डेड स्पॉट' म्हणतात. फेंडर पद्धतीच्या गिटारवर तो बरेचदा जी तारेवर, पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास सापडतो. म्हणजे परिणाम खरा आहे. पण तो त्या विशिष्ट नेकचा, 'महोगनी' या नावाचा नाही.

मग 'महोगनी म्हणजे उबदार' हे आलं कुठून? गिब्सनची लेस पॉल 1952 साली आली: महोगनीची बॉडी, वर मेपलचा थर. फेंडरची स्ट्रॅटोकास्टर आली 1954 मध्ये, अ‍ॅशची. दोघींचा आवाज वेगळा, हे कुणीही सांगेल. पण वेगळं फक्त लाकूड आहे का? लेस पॉलवर 1957 पासून दुहेरी वेढ्यांचे हमबकर आहेत, स्ट्रॅटवर सिंगल कॉइल. लेस पॉलच्या तारेची लांबी पावणेपंचवीस इंच, स्ट्रॅटची साडेपंचवीस. ब्रिज वेगळे, नेकचा जोड वेगळा. एवढं सगळं बदललं आणि श्रेय मात्र एकट्या लाकडाला!

गंमत पुढे आहे. 1956 मध्ये फेंडरने बहुतेक स्ट्रॅटसाठी अ‍ॅश सोडून अल्डर घेतलं. कारण? अ‍ॅशची छिद्रं भरून मग रंग द्यावा लागतो, अल्डरवर ते काम सोपं. आज ज्याला 'अल्डर टोन' म्हणतात, त्यामागे कारखान्याची अशी साधी सोय होती. 1969 मध्ये डॅन आर्मस्ट्राँग यांनी अँपेगसाठी चक्क पारदर्शक अ‍ॅक्रिलिकच्या बॉडीची गिटार केली. कीथ रिचर्ड्सने ती रोलिंग स्टोन्सच्या मैफलींत वाजवली.

एक प्रयोग घरी करून बघा. गिटार तीच, अ‍ॅम्प तोच. पिकअपचा स्विच ब्रिजवरून नेकवर आणा. आवाज किती बदलला? लाकूड तर तेच आहे! आता स्क्रू ड्रायव्हरने पिकअप थोडा खाली-वर करा, नव्या तारा लावा, दुसऱ्या स्पीकरवर वाजवा. दरवेळी फरक ऐकू येईल.

म्हणून दुकानात लाकडाचं नाव नंतर विचारा. आधी प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट वाजवा. कुठला स्वर चटकन मरतोय का, तार कुठे खरखरतेय का, ते ऐका. नेक एका टोकाकडून डोळ्यांच्या रेषेत धरून बघा; नीट न वाळवलेलं लाकूड आपल्या पावसाळ्यात वाकतं आणि सूर हलतो. गिटार पट्ट्याला लावून पंधरा मिनिटं उभे राहा. तीन किलो आणि साडेचार किलोंमधला फरक कानाला नाही कळणार, पण खांद्याला नक्की कळेल.

थोडक्यात, लाकूड निवडायचं ते टिकण्यासाठी, वजनासाठी, हाताला बरं वाटावं म्हणून. आणि हो, दिसायला आवडलं म्हणूनही, त्यात काही वाईट नाही! पण बजेट बेताचं असेल तर साध्या लाकडाची, नीट सेटअप केलेली गिटार घ्या आणि उरलेले पैसे चांगल्या अ‍ॅम्पवर घाला. तुमच्या गिटारवर डेड स्पॉट सापडला, तर कुठली तार, कितवा फ्रेट, ते जरूर कळवा. भेटूया पुढच्या भागात!