साळ नदीच्या पाण्याची राखण : ग्रामस्थांचा वाटा

सासष्टी तालुक्यातील शेती व मासेमारी यांचा साळ नदीशी पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध आहे. वेर्ण्याच्या परिसरात उगम पावणारी ही लहानशी नदी मडगाव शहराच्या कडेने दक्षिणेकडे वाहत जाते आणि नावेली, असोळणे, केळशी या गावांना स्पर्श करून बेतुल येथे अरबी समुद्रास मिळते. तिच्या काठच्या खाजन जमिनी बांध व मानस यांच्या आधाराने पिकत आल्या. तिच्या खाडीतील मासळी, तिसऱ्या व कालवे यांवर अनेक कुटुंबांची गुजराण होत आली. परंतु केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातील ज्या ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची नोंद केली, त्यांत साळ नदीचा खारेबांद ते मोबोर हा पट्टाही होता.

पाणी कशाने बिघडते?

शहरातील मैलापाणी, बाजारातील घाण व खरकटे नदीत मिसळले की त्यावर सूक्ष्म जंतू पोसले जातात. हे जंतू पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात व मासळीस तो अपुरा पडतो. घाण कुजविण्यास जंतूंना किती प्राणवायू लागतो, या मापास ‘जैव प्राणवायू मागणी’ म्हणतात. स्नानयोग्य पाण्यात ही मागणी दर लिटरला ३ मिलिग्रॅमहून अधिक नसावी आणि विरघळलेला प्राणवायू ५ मिलिग्रॅमहून कमी नसावा, असा दंडक आहे. विष्ठेतून येणारे जंतू १०० मिलिलिटर पाण्यात ५०० पर्यंत असणे इष्ट, तर २,५०० ही कमाल मर्यादा आहे.

तिसऱ्या व कालवे पाणी गाळून त्यातील अन्नकण खातात. त्यामुळे पाण्यातील रोगजंतू त्यांच्या शरीरात साठतात व ताटापर्यंत पोहोचतात. नदीमुखाजवळील कुटबण जेटीवर २०२४ साली खलाशांमध्ये पटकीची साथ उद्भवली आणि काहींना प्राणास मुकावे लागले. स्वच्छता व शुद्ध पाणी यांची उणीव असेल तेथे रोग किती त्वरेने पसरतो, याचा हा कटू धडा होय.

नोंद कशी ठेवावी?

गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ नदीच्या पाण्याची तपासणी करते. परंतु रात्री एखाद्या नाल्यातून सोडलेले मैलापाणी प्रथम दिसते ते काठावरच्या माणसालाच. म्हणून पंचायत, शाळा व कुळांचे संघ यांनी मिळून तीन-चार ठिकाणे निश्चित करावीत : एक शहराच्या वरच्या अंगास, एक नाल्याच्या मुखाशी व उरलेली खालच्या अंगास. कोणत्या दोन ठिकाणांच्या दरम्यान पाणी बिघडते हे कळले, की घाणीचे मूळ शोधणे सुलभ होते.

नोंदीची वेळ मात्र बदलू नये. पाण्यातील वनस्पती दिवसा प्राणवायू सोडतात व रात्री तो वापरतात. त्यामुळे पहाटे तो सर्वांत कमी आढळतो. भरतीचे पाणी घाण विरळ करते, म्हणून नमुना ओहोटीस घ्यावा. मानशीची दारे भरतीच्या दाबाने मिटतात व ओहोटीस उघडतात. ती सांभाळणाऱ्या माणसास या वेळा तोंडपाठ असतात. त्याचे ज्ञान येथे मोलाचे ठरते. पाण्याचा रंग, वास, तापमान, सामू व मेलेली मासळी यांची नोंद विद्यार्थ्यांनाही ठेवता येते. विरघळलेला प्राणवायू माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेत शिक्षकांच्या देखरेखीखाली मोजता येतो. जंतूंची तपासणी मात्र प्रयोगशाळेकडूनच करून घ्यावी. त्यासाठी निर्जंतुक बाटलीतील नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवावा.

काठ स्वच्छ, तरी पाणी अस्वच्छ

श्रमदानाने प्लास्टिक व जलपर्णी निघते. मैलापाणी चालूच राहिले तर पाणी सुधारत नाही. पंजाबातील १६० किलोमीटर लांबीच्या काली बेईं नदीचा अनुभव या दृष्टीने बोधप्रद आहे. संत बलबीरसिंग सीचेवाल यांच्या प्रेरणेने २००० साली तेथे लोकांनी नदी उपसण्यास आरंभ केला. पण तेवढ्यावर न थांबता गावांचे सांडपाणी तळ्यांकडे वळवून, निवळवून ते शेतीस देण्याची पद्धतही रुजविली. साळ नदीच्या काठीही घरांचे मैलापाणी शौचकुंडातून ओढ्यात न सोडता मलनिस्सारण वाहिनीस जोडणे, हेच खरे काम आहे.

१९७४ च्या जलप्रदूषण प्रतिबंधक कायद्याने प्रवाहात दूषित द्रव्ये सोडण्यास मनाई केली आहे. ग्रामसभेत केवळ ‘पाण्याला वास येतो’ असे सांगितले तर ते विसरले जाते. पण दिनांक, वेळ, ठिकाण व आकडे यांसह वर्षभराची वही पुढे ठेवली, तर अधिकाऱ्यांनाही कारवाईस बळकट आधार मिळतो. अशी वही प्रत्येक काठच्या पंचायतीत असावी, आणि ती कोणासही पाहावयास मिळावी.