दुष्काळातला तेरावा महिना

‘दुष्काळात तेरावा महिना’ ही म्हण महाराष्ट्रभर बोलली जाते, पण बीड जिल्ह्यात तिचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. पीक गेलेले, कणगी रिकामी, आणि बारा महिन्यांवर संपायचे वर्ष तेरावर गेलेले. शहरातल्या माणसाला या म्हणीत गंमत वाटते. सालगड्याला ती कधी वाटली नसावी. आमच्याकडे सालगडी ठरतो तो पाडव्याला, पुढच्या पाडव्यापर्यंत. अधिक महिना आला की त्याचे साल तेरा महिन्यांचे होते. तेराव्याचे वेगळे काही द्यायचे की नाही, यावरून पारावर चाललेली घासाघीस मी लहानपणी ऐकली आहे. मालकाचा मुद्दा ठरलेला असे : ‘साल म्हणजे साल. महिना काय मी वाढवला?’

महिना मालकाने वाढवला नाही हे खरे. मग कोणी वाढवला? देवाने, की जोशाने? मी शिकलो वाणिज्य शाखेत, आयुष्य गेले आडतीच्या दुकानात खतावण्या लिहिण्यात. खगोलशास्त्राचा मला कोणी धडा दिला नाही. पण हा प्रश्न हिशेबाचा आहे एवढे लवकर कळले, आणि त्याच्या मागे लागल्यावर विज्ञान आणि श्रद्धा यांच्या नात्याबद्दल जे ऐकत आलो होतो, त्यातले बरेचसे दुरुस्त करावे लागले.

हिशेब असा. चंद्राचा महिना साडेएकोणतीस दिवसांहून किंचित मोठा. असे बारा महिने म्हणजे ३५४ दिवस. सूर्याला राशिचक्र फिरायला ३६५ दिवस आणि वर सहा तास लागतात. दर वर्षी अकरा दिवसांची बाकी राहते. ती साचत गेली की साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एक पूर्ण चांद्रमास भरतो. १९ वर्षांत असे सात महिने येतात. ग्रीसमधल्या मेटनच्या नावाने हेच चक्र प्रसिद्ध आहे, आणि ज्यूंच्या पंचांगातही १९ वर्षांत सातच जादा महिने असतात. आकाश एकच, त्यामुळे बाकीही सगळ्यांची तीच.

ही बाकी न ओढण्याचाही पर्याय आहे. इस्लामी कालगणनेत अधिक महिना निषिद्ध आहे, म्हणून रमजान सुमारे ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. बीड शहरात तो मी भर उन्हाळ्यात पाहिला आहे आणि हुरड्याच्या थंडीतही. पण सारा वसूल करायचा तर पीक घरात आलेले हवे. म्हणून निजामाच्या राज्यात, म्हणजे आमच्याकडे १९४८ पर्यंत, हिजरीच्या जोडीने सौरमानाचे फसली साल चाले. जमिनीच्या जुन्या कागदांवर ते अजून सापडते. धर्माला चंद्र आणि तिजोरीला सूर्य, अशी ती सरळ वाटणी होती. आपल्या पंचांगाने मात्र दोघांना एकाच दावणीला बांधले आणि त्यांची गाठ म्हणजे अधिक महिना.

कोणता महिना अधिक, हे ठरवण्याचा नियम एका वाक्याचा आहे. ज्या चांद्रमासात सूर्य एकही रास बदलत नाही, तो अधिक. २०२३ सालचे उदाहरण घ्या. १७ जुलैला सूर्य कर्क राशीत गेला आणि त्याच रात्री अमावास्या संपली. पुढची अमावास्या १६ ऑगस्टला. सूर्य सिंहेत गेला १७ ऑगस्टला. संक्रांत एका दिवसाने हुकली आणि श्रावण दोन झाले. उलट, एका चांद्रमासात दोन संक्रांती सापडल्या तर एक महिना गाळला जातो. तो क्षयमास. हे फार क्वचित घडते आणि तेही थंडीच्या दिवसांत, कारण तेव्हा सूर्याची गती जास्त असते आणि सौर महिने आखूड पडतात. उन्हाळ्या-पावसाळ्यात तो रेंगाळतो, म्हणून अधिक महिने बहुतेक चैत्र ते आश्विनातच येतात.

क्षयमासाचा हिशेब भास्कराचार्यांनी स्पष्ट मांडून ठेवला आहे. त्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इसवी सन १११४. छत्तिसाव्या वर्षी त्यांनी ‘सिद्धांतशिरोमणि’ लिहिला. त्यात ते सांगतात की शके ९७४ मध्ये क्षयमास होऊन गेला, पुढे १११५, १२५६ आणि १३७८ मध्ये येईल, आणि हे अंतर बहुधा १४१ वर्षांचे, क्वचित १९ वर्षांचे असते. आता अलीकडचे क्षयमास पाहा : शके १७४४, १८८५ आणि १९०४. पहिले अंतर १४१, दुसरे १९. मी ही वजाबाकी पहिल्यांदा केली तेव्हा दुकानातल्या रोजमेळाच्या मागच्या पानावर केली होती आणि ती दोनदा तपासली.

(भास्कराचार्यांचे गाव ‘विज्जडविड’ म्हणजे आपले बीडच, असे आमच्याकडे अभिमानाने सांगतात. मलाही आवडले असते. पण ते स्वतः गाव सह्याद्रीजवळ असल्याचे सांगतात आणि बीड आहे बालाघाटाच्या कुशीत. त्यांचा नातू चांगदेव हा सिंघण यादवाचा ज्योतिषी. त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण्याला आहे. त्यात बाजारपेठेतून मठाला काय काय द्यायचे तेही मराठीत कोरले आहे. आडतीतला माणूस म्हणून मला हे कलम फार मोलाचे वाटते. गणिताच्या शाळेचा खर्च बाजार उचलत होता.)

हेच भास्कराचार्य ज्योतिषाची गरज सांगताना काय म्हणतात? वेद यज्ञासाठी, यज्ञ काळावर अवलंबून, काळ कळतो या शास्त्राने, म्हणून हे वेदाचे अंग. म्हणजे प्रश्न श्रद्धेचा होता. श्राद्ध कधी, एकादशी कोणती, संक्रांतीचा पुण्यकाळ किती घटिका, हे विचारणारा भाविक नसता तर चंद्राची गती इतकी बारीक मोजण्याची तातडी कोणाला असती? पण त्याच ग्रंथात ते शेषाच्या फण्यावरची पृथ्वी नाकारतात. पृथ्वीला आधार मानला तर त्या आधाराला दुसरा, दुसऱ्याला तिसरा, असे करत अंतच लागणार नाही, त्यापेक्षा ती स्वतःच्याच शक्तीने आकाशात आहे असे मानावे, हा त्यांचा युक्तिवाद आहे. ग्रहणाच्या बाबतीत मात्र त्यांनी तडजोड केली. चंद्रावर पडते ती पृथ्वीची छाया, पण ब्रह्मदेवाच्या वराने राहू त्या छायेत शिरतो, असे सांगून पुराणही राखले. काही विवेकवादी मित्रांना ही तडजोड खटकते. मला ती ज्या समाजात राहायचे त्याच्याशी केलेला व्यवहार वाटते. त्यांनी गणितात मात्र एका कलेचीही सूट दिलेली नाही.

आता श्रद्धेच्या बाजूने पाहू. गणिताने एक महिना जादा काढला, पण तो ठेवायचा कुठे? त्यात संक्रांत नाही म्हणून त्याला सूर्य नाही. तो मलमास, अशुद्ध. लग्न, मुंज, वास्तू सगळे वर्ज्य. मग पुराणाने कथा रचली : बाकीच्या बारा महिन्यांना स्वामी आहेत, याला कोणी नाही, तो रडत विष्णूकडे गेला आणि विष्णूने त्याला आपले नाव दिले. मलमासाचा पुरुषोत्तममास झाला. हिशेबात न बसणारी रक्कम देवाच्या खात्यावर टाकावी, तसे हे आहे. हे मी थट्टेने म्हणत नाही. आमच्या धंद्यात धर्मादायाचे खाते असतेच, आणि बऱ्याचदा तेच सर्वांत स्वच्छ असते.

या देवाचे गाव आमच्याच जिल्ह्यात आहे. माजलगाव तालुक्यात गोदावरीच्या काठी पुरुषोत्तमपुरी. एरवी शांत असलेले हे गाव अधिक महिन्यात माणसांनी फुलून जाते. इथे सापडलेला रामचंद्रदेव यादवाचा ताम्रपट शके १२३२ चा, म्हणजे १३१० सालचा. वा. वि. मिराशी यांनी तो वाचून प्रसिद्ध केला. त्यावरून दिसते ते असे की पुरुषोत्तम नावाच्या प्रधानाने ब्राह्मणांना दिलेले हे अग्रहार गाव आहे आणि गावाचे नाव त्याच्या नावावरून पडले. तेव्हा माझा तर्क असा की गावाला नाव आधी मिळाले आणि तेराव्या महिन्याची यात्रा त्या नावाच्या ओढीने मागून आली. भाविकाला याने काही फरक पडत नाही, पडूही नये. पण ज्या गावाची ओळखच अधिक महिना आहे, तिथे तो महिना कसा काढतात हे सांगणारा एक साधा फलकसुद्धा मला दिसला नाही.

धर्मशास्त्राने हा महिना जप, दान, स्नान यांचा सांगितला. आपण तो जावयाचा केला. तेहेतीस अनारसे, पुरणाचे धोंडे, लेक-जावई लक्ष्मीनारायण म्हणून पाटावर. यात माया आहे, मी स्वतः सासरी पाटावर बसलो आहे. पण यंदा १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ होता, म्हणजे ऐन पेरणीच्या तोंडावर. बियाण्याची उचल आणि धोंड्याची उचल एकाच पानावर लिहिली गेली. पाटावरचे ताट पूर्वी तांब्याचे असे, आता जावयाच्या बोटात अंगठी लागते. म्हणीतला तेरावा महिना असा दुसऱ्या वाटेने घरात आला.

गणिताचे पुढे काय झाले, ते मात्र दुःखाचे आहे. शके १४४२ च्या सुमारास कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी ‘ग्रहलाघव’ लिहिला. ज्या-कोज्यांची किचकट आकडेमोड टाळून बेरीज, वजाबाकी, गुणाकार-भागाकारात ग्रह काढण्याच्या सोप्या रीती त्यात दिल्या. स्वतः गणेश दैवज्ञ आकाश पाहणारे होते. पण त्यांच्या सोयीमुळे खेड्यातल्या जोशाला वर न पाहताही पंचांग करता येऊ लागले, आणि पुढची साडेतीनशे वर्षे महाराष्ट्र त्याच रीतींवर चालला. सूक्ष्म चुका साचत गेल्या. श्रद्धेला उत्तर मिळत होते, त्यामुळे तिने पुन्हा विचारले नाही.

विचारणारे पुन्हा आले ते एकोणिसाव्या शतकात. केरो लक्ष्मण छत्रे यांनी युरोपीय कोष्टकांच्या आधारे ग्रहगणित मांडले आणि १८६५ पासून पटवर्धनी पंचांग निघू लागले. मग वाद पेटला. विरोधकांचे म्हणणे सरसकट अडाणी नव्हते. ते म्हणत, ग्रहण डोळ्यांना दिसते, तिथे नवे गणित घ्या, पण एकादशीचे पुण्य अदृष्ट आहे, ते ऋषींनी सांगितलेल्या गणितानेच मिळेल. म्हणजे आकाशात एक तिथी आणि धर्मात दुसरी. सुधारक आणि सनातनी दोघेही एकादशी करणारे होते, भांडण होते ते कोणत्या दिवशी करायची याचे. शाळेत शिकवता शिकवता स्वतःच्या बळावर ज्योतिष शिकलेले शंकर बाळकृष्ण दीक्षित याच काळातले. त्यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ १८९६ चा. माझ्यासारख्याला दीक्षित गुरुस्थानी आहेत, हे वेगळे सांगायला नको.

टिळक या वादात पडले तेव्हा प्रश्न आणखी खोल गेला : राशिचक्र मोजायला सुरुवात कुठून करायची? रेवती तारा धरून, की चित्रा? दोन्हींत सुमारे चार अंशांचा फरक आहे, म्हणजे सूर्याचे चार दिवस. तेवढ्याने काय होते? २०२३ च्या त्या १७ ऑगस्टच्या संक्रांतीकडे परत या. रेवती पक्षाने ती १३ ऑगस्टलाच झाली, म्हणजे अमावास्येच्या आधी. त्यामुळे टिळक पंचांगात श्रावण अधिक झालाच नाही. दाते पंचांग पाळणाऱ्यांकडे गणपती १९ सप्टेंबरला बसले, टिळक पंचांगवाल्यांकडे २० ऑगस्टला. दोन्ही घरे श्रद्धाळू, दोन्ही पंचांगे गणिती, आणि मधे पूर्ण एक महिना.

युरोपात १५८२ मध्ये पोपने ईस्टरसाठी दहा दिवस पुसून टाकले, इंग्लंडने ते १७५२ पर्यंत मानले नाही. आपल्याकडे पोप नाही. मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली १९५२ मध्ये समिती नेमली गेली, नागपूरचे के. ल. दप्तरी आणि पुण्याचे ज. स. करंदीकर तिच्यावर होते. २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. ती राजपत्रावर छापतात, आकाशवाणीवर सांगतात. घरात तिच्यावर दुधाचा खाडा कोणी मांडत नाही.

समितीपुढे आणखी एक दुखणे होते आणि ते आमच्या जिल्ह्याच्या जिव्हाळ्याचे आहे. पंचांगाचे नाक्षत्र वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे वीस मिनिटांनी मोठे आहे. सत्तर वर्षांत एक दिवस सरकतो. म्हणून उत्तरायण २१-२२ डिसेंबरला सुरू होते आणि संक्रांत आपण जानेवारीच्या मध्याला करतो. शेतकरी पेरतो तो तिथीवर नाही, सूर्याच्या नक्षत्रावर. मृग लागतो ७ किंवा ८ जूनला. पुरुषोत्तमपुरीचा ताम्रपट कोरला त्या काळी, आजच्या तारखांच्या हिशेबाने, मृग मेअखेरीस लागत होता. पाऊस ऋतूच्या सूर्याने येतो, नक्षत्राच्या नाही. आणखी सातशे वर्षांनी मृग जूनच्या तिसऱ्या आठवड्यात लागेल. तेव्हा पेरणी मृगात करायची की रोहिणीत, हे कोणाला तरी आधी सांगून ठेवावे लागेल.

त्याआधी एक परीक्षा आहे. भास्कराचार्यांच्या १४१ वर्षांच्या अंतराने पुढचा क्षयमास येतो शके २०४५ मध्ये, म्हणजे २०२३ ला बरोबर शंभर वर्षे झाल्यावर, २१२३-२४ साली. त्या वर्षी एक महिना गाळायचा असेल आणि त्याच्या आगेमागे दोन अधिक धरायचे असतील. रेवतीवाले आणि चित्रावाले त्यावर एकमताने बसतील, असे आजच्या पंचांगांकडे पाहून तरी वाटत नाही.