मैदानाची चावी कोणाकडे?

आज बचत, व्याज, वसुली यातलं काहीच नाही. आज एका कागदाबद्दल बोलू. त्याला कॉलेजात सिनॉप्सिस म्हणतात.

आमच्या अकोला जिल्ह्यातल्या एका गटातील ताईंची मुलगी अमरावतीला शारीरिक शिक्षणाचं एम.पी.एड. करते. शेवटच्या वर्षी तिला क्रीडा व्यवस्थापनावर लघुप्रबंध लिहायचा आहे. तो लिहिण्याआधी काय शोधणार, कुठे शोधणार, कसं शोधणार हे थोडक्या पानांत मांडून मंजूर करून घ्यावं लागतं. तेच सिनॉप्सिस. मदतीला एक प्राध्यापक असतात, त्यांना गाईड म्हणतात. आमच्या बी.ए.च्या वेळी गाईड म्हणजे बाजारात मिळणारं पुस्तक होतं. ते पाठ केलं की पास! इथं तसं चालत नाही.

मुलीनं पहिला विषय दिला, ग्रामीण महाराष्ट्रातील महिला क्रीडा विकास. परत आला. दुसरा दिला, विदर्भातील क्रीडा सुविधा. तोही परत आला. शेवटच्या तारखेला पंधरा दिवस उरले, आणि घरी वडील म्हणाले, "राहू दे आता, पोरगा पाहू." मुलगी रडत गटाच्या बैठकीत आली.

आम्ही तिला एवढंच विचारलं, की गटात एखादी बाई आली आणि म्हणाली, "मले धंद्यासाठी कर्ज पाह्यजे," तर आपण देतो का? आपण विचारतो, कोणता धंदा, किती बकऱ्या, चारा कुठून, विकणार कुठे. तिच्या कागदात नेमकं हेच नव्हतं. अख्खा महाराष्ट्र एका मुलीनं आठ महिन्यांत कसा पाहावा?

मग बाया बोलायला लागल्या. गावात व्यायामशाळेची खोली आहे, समोर मैदान आहे. आठवीपर्यंत पोरी कबड्डी, खो-खो खेळतात, मग मैदानावर दिसेनाशा होतात. का? आधी सगळ्या म्हणाल्या, पोरींना हौस नाही. मग एक मावशी म्हणाली, "चावी एका माणसाच्या घरी रायते. तो जाते वावरात. पोरीनं कोणाच्या घरी मागाले जावं?" दुसरी म्हणाली, संध्याकाळी दिवा नाही. तिसरी म्हणाली, जवळ बाथरूम नाही. मुलीनं वही काढली. चावी, दिवा, वेळ, खर्च, हिशेब कोण पाहतो, यालाच तर व्यवस्थापन म्हणतात.

अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आपल्याला माहीत आहे. १९१४ साली वैद्य बंधूंनी ते सुरू केलं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकानं तिथं भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. आपण तिथल्या पैलवानांचं, खेळाडूंचं कौतुक करतो. पण शंभराहून जास्त वर्षं आखाड्याचं दार रोज वेळेवर उघडायचं, तर त्यामागंही माणसं लागतात. अभ्यास त्यांच्या कामाचाही व्हायला हवा.

विषय असा ठरला: तालुक्यातील दहा गावांतल्या मैदानांचं व्यवस्थापन आणि १३ ते १८ वयाच्या मुलींचा खेळातील सहभाग, यांतील संबंध. आधी तिनं 'परिणाम' लिहिलं होतं. गाईडनी तो शब्द खोडला. नुसतं विचारून आणि मोजून दोन गोष्टी सोबत दिसतात एवढंच कळतं, एकीमुळेच दुसरी झाली हे सिद्ध होत नाही. आम्हाला हे फार पटलं. गट निघाला त्याच वर्षी पाऊस चांगला झाला, म्हणून तो गटामुळे पडला असं आपण म्हणत नाही.

आधी कोणी काय शोधलंय तेही लिहावं लागतं. त्यासाठी कॉलेजचं ग्रंथालय आहे, आणि मोबाईलवर शोधगंगा आहे. तिथं देशभरातले पीएच.डी.चे प्रबंध फुकट वाचता येतात.

खरी मेहनत प्रश्नावलीची. पहिला प्रश्न होता, "मैदानाची सुविधा समाधानकारक वाटते का?" आमच्याच गावातल्या पाच मुलींना विचारून पाहिलं. पाचही जणी म्हणाल्या, हो. त्यातली एकही मैदानावर जात नव्हती! मग प्रश्न बदलला: मागच्या सात दिवसांत किती दिवस गेलीस? किती वेळ थांबलीस? गेली नसशील तर काय अडलं?

प्रत्येक गावातल्या बारा, म्हणजे एकूण १२० मुलींना विचारायचं, आणि त्यात न खेळणाऱ्या हव्यातच. मैदानावर भेटतील त्यांनाच विचारलं, तर घरी राहिलेलीचं कारण कधीच कळणार नाही. अठराच्या आतल्या मुलींसाठी पालकांची लेखी संमती घ्यायची, कागदावर नाव न लिहिता नंबर टाकायचा, आणि विचारताना सरपंच, सासू, भाऊ कोणी शेजारी नको. मैदानावरचा खर्च ग्रामपंचायतीत साधेपणानं विचारायचा. नाही सांगितला तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे, अर्जाला दहा रुपये लागतात.

वेळापत्रकात तिनं सगळी मोजणी नोव्हेंबरात ठेवली होती. बाया हसल्या. कापूस वेचणीत पोरी दिवसभर वावरात आणि संध्याकाळी थकलेल्या, तेव्हा मैदान रिकामंच दिसणार. मग दोन मोजण्या ठरल्या, एक आठवडा वेचणी सुरू होण्याआधी आणि एक वेचणीत. हे पुस्तकात कुठून मिळालं असतं?

तिसऱ्या वेळी सिनॉप्सिस मंजूर झालं. वडील काही बोलले नाहीत, पण दहा गावं फिरायला गाडी दिली.

त्या दहा गावांत आमचं गाव नाही. तिथं सगळे ओळखीचे, मुली तिच्या तोंडाकडे पाहून उत्तरं देतील, म्हणून गाईडनीच ते वगळलं. मावशी रुसली, "मंग आपल्या गावची चावी?" तो प्रश्न आम्ही गटाच्या ठरावात लिहून ग्रामसभेत दिला आहे. उत्तर अजून यायचं आहे.